ब्रेस्ट तपासणी सेंटर, सोलापूर: बायकांना मोकळेपणानं विचारू देतात, म्हणून चार स्टार

पाचपैकी चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते खाली सांगते. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, मशीन काय, पैसे टाकले की कोणीही आणतंय, पण इथं बाईला बोलू देतात आणि बोलली की ऐकून घेतात. सोलापुरात माझ्या माहितीत तरी हे फार कमी ठिकाणी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना फक्त रेट आणि टायमिंग पाहिजे त्यांनी फोन करून विचारा, फोनवर नीट सांगतात आणि आम्हाला जेवढे सांगितले तेवढेच घेतले, वर काही लावलं नाही.

जायचं कारण आमच्या मोठ्या जाऊबाई. वय चव्वेचाळीस, अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. घरात कोणाला सांगितलं नाही, मला पण भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "दुखत नाही गं, म्हणजे काही नसेल." मला तिथंच धस्स झालं, कारण दुखत नाही म्हणजे काही नाही हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कॅन्सरची गाठ सुरवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आणि उलट ज्यांचं पाळीच्या आधी छातीत दुखतं, जड होतं, टोचतं, त्या बिचाऱ्या रात्र रात्र झोपत नाहीत, तर ते बऱ्याचदा हार्मोन्समुळं असतं. म्हणजे ज्यांनी पळत जायला पाहिजे त्या निवांत आणि ज्यांना तेवढं घाबरायचं कारण नाही त्या रडतायत.

बरोबर आमच्या विडी घरकुल वसाहतीतल्या एक अक्का पण आल्या. त्या तेलुगू बोलणाऱ्या, मराठी येतं पण डॉक्टरसमोर गेल्या की दोन्ही भाषा बंद. विड्या वळून पोट आहे, एक दिवस बसला की तेवढा हिशोब जातो, म्हणून कुठं जायला तयार नसतात. त्यांच्या काखेत काहीतरी सुजल्यासारखं होतं, ते विड्या वळून हात दुखतो म्हणून बाम लावत बसल्या होत्या. जाऊबाईंच्या सोबतीला चला म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

आता सेंटरचं. जागा स्वच्छ आहे. वेटिंगमधे फक्त बायका, पुरुष मंडळींना बाहेरच्या हॉलमधे बसवतात, याला काही लोक नाक मुरडतात पण मला आवडलं, कारण सासरा शेजारी बसलेला असताना कोणती सून सांगेल की निपलमधून पाणी येतंय म्हणून. आत गेल्यावर एक ताई बसतात, त्या डॉक्टर नाहीत, पण त्या आधी सगळं विचारून लिहून घेतात. पाळी कधी आली होती, पहिलं मूल कितव्या वर्षी, घरात कोणाला होता का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का. घरात कोणाला होता का विचारताना त्यांनी "वडिलांकडच्या पण सांगा" असं मुद्दाम म्हटलं हे मला फार पटलं. आपण आई आणि मावशी एवढंच धरतो, पण हा धोका वाढवणारे ते बीआरसीए नावाचे बिघडलेले जीन बापाकडून पण येतात, म्हणजे आत्याला असेल तर ते पण सांगायचं. आणि दुसरं, घरात कोणालाच नव्हता म्हणजे आपल्याला होणार नाही असं पण नाही, शंभरातल्या पाच-दहा केसच अशा वारशानं आलेल्या असतात, बाकीच्यांतल्या बहुतेकींच्या घरात आधी कोणालाही नसतो.

त्या ताईंच्या टेबलावर एक रबराचं मॉडेल ठेवलंय, छातीचं. आत वेगवेगळ्या गाठी लपवलेल्या आहेत. प्रत्येक बाईला त्यावर हात फिरवायला लावतात. तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नाही, आधी हलकं मग मधलं मग खोल दाबून, गोल गोल, काखेपर्यंत. अक्का आधी हात लावायलाच तयार नव्हत्या, पदरात हात गुंडाळून बसल्या, मग ताईंनी त्यांचा हात स्वतःच्या हातात धरून मॉडेलवर फिरवला आणि एका जागी थांबवला. अक्का म्हणाल्या "इथं हाय की". मग दुसरी गाठ त्यांनी स्वतः शोधली, तिसरी पण. दिवसभर पानं कातरून विड्या वळणारी बोटं आहेत ती, आमच्या दोघींपेक्षा आधी सापडली त्यांना. हे जे पाच मिनिटं दिलं ना तिथं, त्यानंतर अक्का बोलायला लागल्या.

आणि मग प्रश्न सुरू झाले. आमच्याबरोबर अजून चार-पाच बायका होत्या, एकीनं विचारलं की दुसरीला धीर येतो. हा भाग मी लिहितेच कारण हे प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात असतात.

एक बाई म्हणाल्या मी तीन पोरं अंगावर पाजली, दोन दोन वर्षं, मला कसा होईल? ताई म्हणाल्या पाजल्यानं धोका कमी होतो हे खरं आहे, जितके जास्त महिने पाजलं तितका थोडा थोडा कमी, पण शून्य होत नाही. दुसरी म्हणाली मी मोबाईल ब्लाऊजमधे ठेवते, त्यानं होतो म्हणतात. तर त्यानं होतो असा काही पुरावा नाही. काळी ब्रा, तारेची ब्रा, रात्री ब्रा घालून झोपणं, डिओ, यातल्या कशानंच होतो असं सिद्ध झालेलं नाही. एकीला पोराचं डोकं जोरात लागलं होतं छातीला आणि तिथंच गाठ दिसली, तिला वाटत होतं मारामुळंच झालं. मारामुळं कॅन्सर होत नाही, मार लागला म्हणून आपण तिथं हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. कधी कधी मारामुळं साधी गाठ पण होते, पण ते बघूनच सांगता येतं. मग धोका वाढतो कशानं? वय, हे एक नंबर. पाळी फार लवकर सुरू होणं आणि फार उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर किंवा मूलच नसणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू, हालचाल नसणं. यातलं निम्मं तर आपल्या हातातच नाही, म्हणून "माझं काय चुकलं" हे कोणी स्वतःला विचारत बसू नये असं ताईंनी स्पष्ट सांगितलं. त्यावर एक म्हातारी मावशी डोळे पुसत होती, तिच्या सुनेला झालाय आणि घरात सगळे सुनेलाच बोलतायत. तो शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, लेकराला जवळ घेतल्यानं होत नाही, हे त्या मावशीला दोनदा सांगितलं आणि म्हणाल्या घरी जाऊन हेच मोठ्यानं सांगा.

आता मॅमोग्राफी. सगळ्यात जास्त भीती याचीच, की दाबतात म्हणे, फार दुखतं म्हणे. खरं सांगते, दाबतातच. एक बाजू प्लेटवर ठेवतात, वरून दुसरी प्लेट खाली येते, काही सेकंद घट्ट दाब, फोटो, की लगेच सुटतं. एका बाजूचे दोन असे चार फोटो, एक वरून आणि एक तिरका काखेकडून. जाऊबाई म्हणाल्या तिरक्याला जरा जास्त ओढ बसते. आतली टेक्निशियन मुलगी वयानं लहान पण हाताला फार चांगली, आधी सांगते मग हात लावते, "काकू खांदा सैल सोडा, आता श्वास धरा, झालं". दाब द्यायचं कारण पण सांगितलं तिनं, चपटं केलं की आतलं एकावर एक येत नाही, फोटो स्पष्ट येतो आणि किरणं पण कमी लागतात. किरणांचं म्हणाल तर एका मॅमोग्राफीत जेवढी लागतात ती निसर्गातून आपल्या अंगावर एरवी साधारण सात आठवड्यांत पडतात तेवढी, त्यामुळं तपासणीनंच कॅन्सर होईल ही भीती काढून टाका.

तिनं जाऊबाईंना आत घेताना आधी विचारलं पावडर लावलीय का. लावली होती, उन्हाळ्यात सोलापुरात कोण लावत नाही. ओला कापूस देऊन काख आणि छातीखालचं सगळं पुसायला लावलं, कारण पावडर आणि डिओचे कण फोटोत पांढरे ठिपके दिसतात आणि ते कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे (जे कधी कधी कॅन्सरची खूण असतात) वाटून उगाच घोळ होतो. हे फोनवर अपॉइंटमेंट देतानाच सांगायला पाहिजे असं माझं मत. आणि जाताना साडी किंवा टू-पीस घाला, वन-पीस ड्रेस घालून गेलात तर सगळंच काढावं लागतं. मंगळसूत्र काढून ठेवायला छोटा डबा देतात, तो आपल्याच हातात ठेवायला देतात, हे चांगलं आहे. पाळी चालू असलेल्यांनी पाळी संपल्यावर पुढच्या आठवड्यात जा, तेव्हा छाती कमी दुखरी असते. पण गाठ लागलीय म्हटल्यावर तारखेची वाट बघत बसू नका.

चाळिशीच्या आतल्या पोरींना ते सहसा सरळ मॅमोग्राफी करत नाहीत, आधी सोनोग्राफी. माझ्या भाचीला पण तसंच सांगितलं. तरुण वयात आतला भाग दाट असतो, मॅमोग्राफीत सगळं पांढरं दिसतं आणि गाठ पण पांढरीच, त्यात ती लपते. काही लोक म्हणतात पैसे वाचवायला सोनोग्राफीवर भागवतात, तसं नाही, वयाप्रमाणं तपासणी वेगळी असते.

जाऊबाईंचं मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही झालं. रिपोर्टवर बायरॅड्स म्हणून आकडा असतो, तो बघून अर्धे लोक नेटवर शोधून घाबरतात, म्हणून इथंच लिहिते. शून्य म्हणजे अजून फोटो किंवा तपासणी पाहिजे, कॅन्सर आहे की नाही ते त्यावरून ठरत नाही. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे काहीतरी आहे पण साधं आहे. तीन म्हणजे बहुतेक साधंच, कॅन्सर निघायची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण सहा महिन्यांनी परत बघायचं. चार आणि पाचला सुईनं तुकडा काढून बघायचा, पाचला शक्यता फार जास्त. सहा म्हणजे आधीच निदान झालेलं. जाऊबाईंचा दोन आला, पाण्याची गाठ. त्यांनी तिथंच बाकावर बसून नवऱ्याला फोन लावला आणि तेव्हा भाऊजींना कळलं की गाठ होती म्हणून.

बऱ्याच गाठी अशाच साध्या निघतात. म्हणून तर गाठ लागली की घाबरून लपवू नका, दाखवा.

अक्कांचा चार आला. इथं मला या सेंटरचं खरं कौतुक करायचंय. याआधी मी माझ्या एका मैत्रिणीबरोबर दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, तिथं काउंटरवरच्या पोरानं पाकीट हातात दिलं आणि "तुमच्या डॉक्टरला दाखवा" एवढंच, ती पोरगी आठ दिवस जेवली नाही. इथं डॉक्टर मॅडमनी अक्कांना केबिनमधे बोलावलं, दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि आधी विचारलं सोबत कोणाला बसवायचं. अक्कांनी माझा हात धरला. मॅडम म्हणाल्या याला कॅन्सर म्हणत नाही आपण अजून, संशय आहे, तुकडा काढल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. अक्का म्हणाल्या, "सुई लावली की पसरतंय म्हणतात, आमच्या गल्लीत एकीचं तसंच झालं." हा प्रश्न तर मी स्वतः शंभर वेळा ऐकलाय आणि यामुळं किती बायका महिने घालवतात. सुई घातल्यानं कॅन्सर अंगभर पसरत नाही. ज्यांचं "सुईनंतर वाढलं" असं म्हणतात त्यांचं आधीच वाढलेलं असतं, सुईनं फक्त कळतं. मॅडमनी भूल देऊन कसं करतात, जाड सुईनं तांदळाएवढे तुकडे घेतात, त्यावरून नुसता कॅन्सर आहे की नाही एवढंच नाही तर तो कोणत्या जातीचा, म्हणजे हार्मोनवर वाढणारा आहे का (ईआर, पीआर), हर-टू नावाचं प्रोटीन त्यात जास्त आहे का वगैरे पण तपासता येतं आणि औषध त्याप्रमाणं ठरतं, हे सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं. वेळ किती दिला ते मी बघितलं नाही, पण बाहेर लाईन होती आणि मॅडमनी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही.

तुकड्याच्या रिपोर्टमधे कॅन्सर निघाला. अक्कांचा पहिला प्रश्न "काढून टाकतील का पूर्ण?" दुसरा "पैसे?" पहिल्याचं उत्तर असं की लवकर सापडला आणि गाठ लहान असेल तर बऱ्याच जणींची फक्त गाठ काढून छाती वाचवतात आणि मग लाईट म्हणजे रेडिएशन देतात, आणि अशा बायका पूर्ण काढलेल्यांइतक्याच जगतात हे वीस वीस वर्षं बघून सिद्ध झालंय. पण प्रत्येकीला ते जमेलच असं नाही, काखेत गेलाय का, गाठ केवढी, यावर असतं. अक्कांना आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलंय. पैशाचं, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार लागतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत आहे, पण ते योजनेतल्याच हॉस्पिटलमधे. सेंटरमधल्या ताईंनी अक्कांचं रेशन कार्ड बघून कुठं जायचं, आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, कुठं भेटायचं हे लिहून दिलं. इथल्या तपासणीचे पैसे मात्र आपलेच जातात. आपल्याकडं लोक सरळ पुण्या-मुंबईला पळतात पण जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, १९८७ पासून तिथं खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं काम चालू झालं, देशात गावाकडची अशी पहिलीच नोंद होती ती. आधी जवळ काय आहे ते विचारा, मग लांबचं ठरवा.

एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती प्रत्येकीनं लक्षात ठेवा. मॅमोग्राफी नॉर्मल आली पण हाताला गाठ लागतेय, तर विषय तिथं संपत नाही, परत दाखवायचं, कारण मशीनकडून पण काही सुटतात. गाठीशिवाय अजून काय बघायचं तर कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, खड्डा पडणं, निपल नव्यानं आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं येणं, निपलवर बरी न होणारी खाज-खपली, काखेत गाठ. यातलं काही दिसलं तर मलम लावत बसायचं नाही.

ज्यांना इथले पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी पण लिहिते. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांच्या वरच्या बायकांची छाती हातानं तपासायची सोय कार्यक्रमातच आहे, तिथल्या सिस्टरला हक्कानं विचारा. हातानं तपासून काय होतंय असं म्हणू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाच्या आसपास बायकांवर वीस वर्षं हा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींना शिकवलेल्या साध्या कार्यकर्त्या बायका दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं तपासायच्या, २०२१ ला तो छापून आला, तपासलेल्यांपैकी पन्नाशीच्या वरच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूचा तसा फरक दिसला नाही हे पण त्यात आहे. पण आपल्या सासवा, आया, मावश्या त्याच वयाच्या आहेत ना, आणि त्याच "आता या वयात काय दाखवायचं" म्हणतात.

आता एक स्टार का कापला. सेंटर वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आम्ही गेलो तेव्हा बंद होती, गुडघे दुखणाऱ्या मावश्यांना जिना चढताना बघवत नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीची कडी नीट लागत नाही, बाहेर कोणीतरी उभं राहावं लागतं, बायकांच्या सेंटरमधे हे चालणार नाही. अपॉइंटमेंट घेऊन पण बराच वेळ बसावं लागतं, मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला ते जड जातं, रविवारी बंद असतं ते तर सगळ्यात वाईट. आणि रिपोर्ट सगळा इंग्लिशमधे. तोंडी एवढं छान समजावतात तर तेच मराठी, तेलुगू आणि कन्नडमधे एका पानावर छापून रिपोर्टला टाचून द्या की, घरी गेल्यावर नवरा, पोरं, सासू सगळे विचारतात आणि बाईला सगळं आठवत नाही. हे मी तिथल्या वहीत पण लिहून आलेय.

जाणार असाल तर जुने रिपोर्ट आणि जुन्या फिल्म घेऊन जा, त्या लावून बघतात आणि काय बदललं ते कळतं. सकाळी फार गर्दी असते, दुपारी जेवणानंतरची वेळ मागा, आणि डॉक्टर मॅडम त्या दिवशी आहेत का ते फोनवरच विचारून घ्या.